हथियाच्या पायथ्याचा मारुती

१

शनिवारी सकाळी देणगीदारांची बस चुनारच्या पुढं हथियापाशी थांबली, तेव्हा कड्याच्या पायथ्याशी मारुती बसलेला होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो तिथं नव्हता.

हथिया म्हणजे लाल दगडाचा उभा कडा. लांबून बसलेल्या हत्तीसारखा दिसतो, जवळून कशासारखाच दिसत नाही. रामघाटावरच्या आठल्यांकडं तो पिढ्यान्‌पिढ्या होता आणि त्याचं करायचं काय, हे एकाही पिढीला सुचलं नव्हतं. शेवटी ढुंढिराजकाका आठल्यांनी जाता जाता तो काशीतल्या मराठी गिर्यारोहकांच्या गिरिमित्र मंडळाला दान करून टाकला. मुलं चढतील, म्हणाले. काशीत लोक गाय देतात, सोनं देतात, शय्या देतात. डोंगर दिलेला हा पहिलाच.

दानात खोट एकच होती. सडकेपासून कड्यापर्यंतची पायवाट ठाकूर रामसकल सिंहांच्या शेतातून जात होती. शेजारी दगडाची खाण चालवणाऱ्या जयस्वाल ठेकेदारानं ती पट्टी विकत मागितली होती. ठाकूर म्हणाले, आधी मंडळाला विचारतो. होळीपर्यंत पैसे उभे करा, नाहीतर मला मोकळं करा. तेव्हापासून काशीतलं अख्खं मराठी जग कामाला लागलं होतं. बायकांनी संक्रांतीला गुळपोळ्या करून विकल्या. वेदपाठशाळेच्या मुलांनी दक्षिणेतला वाटा दिला. अहिल्याबाई घाटावर मुली डबा घेऊन फिरल्या आणि जन्मात डोंगर न पाहिलेल्या नावाड्यांनीही त्यात नाणी टाकली. ९६ सालचा माघ संपत आला होता, रक्कम अजून थोडी कमी पडत होती, म्हणून उरलेल्या देणगीदारांना कडा दाखवायला बस काढली होती. ठाकूर त्याच दिवशी बोलणं पक्कं करणार होते.

आणि आता हे.

कड्याच्या उजव्या अंगाला, जमिनीलगतच्या एका फुगीर दगडावर शेंदूर थापलेला होता. वर दोन चांदीचे डोळे मेणानं बसवलेले. गळ्यात रुईच्या पानांची माळ. गावातल्या बायका आधीच जमल्या होत्या आणि नारळाचं पाणी वाहत होतं.

अंबिका मोघे पुढं झाली, हात जोडले, आणि तिला एकदम भरून आलं. का, ते तिला कळलं नाही. शेंदराचा वास नाकात गेला आणि मिरजेचं माहेर, शनिवारची शाळा, तेलकट पायरी, सगळं एका झटक्यात समोर उभं राहिलं. ती पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन काशीत आली होती. इतक्या वर्षांत देवापुढं रडू यायची तिची सवय मोडली होती.

तिच्या शेजारी मंडळाचा सचिव सुश्रुत पिसाळ उभा होता. हा बँकेतला मुलगा, दोन वर्षांपूर्वी वाईहून बदलून आलेला. त्यानं बूट काढले, वाकून नमस्कार केला, आणि उठून शांतपणे पाठीवरच्या पिशवीतून दोर काढायला लागला.

"ये क्या हो रहा है?" ठाकूर गरजले.

"चढ़ाई, ठाकुरसाहब," सुश्रुत म्हणाला. "लोगों को दिखाना है न."

"बजरंगबली स्वयं पधारे हैं, और तुम उनके सिर के ऊपर पाँव रखोगे?"

सुश्रुतचा चेहरा अगदी कोरा झाला. दोर हातातच राहिला.

पंधरा मिनिटांत ठाकुरांच्या गड्यांनी पायवाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. दर्शनाला बाजूच्या बांधावरून या, म्हणाले; दोर घेऊन कुणी यायचं नाही. विक्रीची गोष्ट संपली. देणगीदार बसमध्ये बसले, त्यांतल्या दोघांनी आपले पैसे परत मिळतील का, असं हळूच विचारलं.

अंबिकेची मुलगी स्वरदा काट्यांपाशी उभी होती. तिच्या मागं, चढायला शिकायला आलेल्या मुलींची रांग होती. एकोणीस वर्षांची स्वरदा घरात मोठ्यानं बोलली तर आजी रागवायची, गल्लीत भराभर चालली तर शेजारी रागवायचे. हथियावर मात्र ती ओरडायची, आणि खालच्या मुली वर बघत तिचं ऐकायच्या. अंबिकेनं लेकीकडं पाहिलं. लेक रडत नव्हती. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

निघताना गावच्या बायकांनी नवे हार घालायला जुनी माळ उतरवली. "प्रसाद समझके दे दो," असं म्हणून अंबिकेनं ती मागून घेतली आणि पदराखाली धरली.

२

अंबिका कॅन्ट स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायची. गाडी कुठं, फलाट कोणता, उशीर किती. लोकांनी विचारायचं आणि हिनं सांगायचं. आपणही कुणाला काही विचारावं, ही इच्छा अशा नोकरीत साठत जाते. रविवारी सुट्टी होती. ती रामघाटावर लीलाकाकू आठल्यांकडं गेली.

लीलाकाकू ढुंढिराजकाकांच्या पत्नी. जन्म काशीतला, सासर काशीतलं, महाराष्ट्र एकदाच पाहिलेला, तोही ताप आल्यामुळं नीट नाही.

"अगो, हनुमानजी आले तर आले," काकू मटार सोलत म्हणाल्या. "ह्यांचं नशीब बघ, दान दिलेल्या जागेत देव प्रकटला."

"देव प्रकटला, पण वाट गेली, काकू."

काकूंचा हात थांबला. "वाट गेली तर सगळंच जाईल. ह्यांनी दानात एक शर्त घातली होती. मंडळानं सलग एक वर्ष चढाई केली नाही, तर डोंगर घरच्या वारसाला परत."

"वारस कोण?"

"आमचा कुशल. पुतण्या. आणखी कोण आहे?" काकूंनी एक दाणा तोंडात टाकला. "बरसभर रिकामा पडला, की तो जयस्वालला विकणार. मग सुरुंग. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, असली शर्त कशाला? तर म्हणे, मुलांना आळस येऊ नये म्हणून. मास्तर होते ना जन्मभर!"

अंबिका उठली. चढाई बंद पडल्यानं फायदा होणारा माणूस सापडला होता, तोही पहिल्याच घरात. इतकं सोपं असेल तर पोलिसांना पगार कशाचा देतात, असं तिच्या मनात आलं.

"शुक्रवारी कुशल कुठं होता, काकू?"

काकूंनी मान वर केली नाही. "चुनारला," म्हणाल्या.

३

कुशल आठल्येचं दशाश्वमेधाजवळ साड्यांचं दुकान होतं. अंबिकाकाकी आली म्हटल्यावर त्यानं चहा मागवला. चौकशीला आली हे कळल्यावर तो हसायलाच लागला.

"काकी, मी पागल वाटलो का तुम्हाला? चुनारला गेलो होतो, हो. जयस्वालच्या मुंशीबरोबर. दगड बघायला."

"चोरासारखं?"

"दिवसाढवळ्या. तुमचे पैसे जमले नाहीत तर वाट जयस्वालची, चढाई बंद. बरसभरानंतरचा सौदा आहे, आधी माल तर बघेल ना तो. मुंशीनं ठोकून बघितलं आणि उजव्या बाजूच्या दगडावर चुन्याची फुली मारली. म्हणाला, पहली बत्ती यहीं लगेगी."

"कुठल्या दगडावर?"

"तोच. जिथं आता हनुमानजी बसलेत." कुशलनं कपाळावर हात मारला. "आता तुम्हीच सांगा, तिथं बारूद कोण लावेल? जयस्वालची बायको त्याला घरात नाही घेणार. सकाळीच त्याचा माणूस येऊन सौदा कॅन्सल करून गेला. काका गेले, डोंगर दानात गेला, आणि उरलीसुरली उम्मीद हनुमानजी घेऊन गेले. माझंच नशीब असं आहे!"

अंबिका चहा न पिता बसून राहिली. खरंच होतं ते. चढणाऱ्यांना थांबवायचं असतं तर मारुती डाव्या अंगाला बसवला असता. तिथं दर रविवारी पोरं चढायला सुरुवात करतात. किंवा वाटेच्या तोंडाशी. उजव्या अंगाला फक्त स्वरदा चढायची. दोन हिवाळे ती तिथल्या चढाईच्या एका अवघड रेषेच्या मागं लागली होती आणि अजून माथा गाठला नव्हता. म्हणजे मारुती बसवणाऱ्याची नजर चढणाऱ्यांवर नव्हतीच. त्यानं नेमकी सुरुंगाची फुली झाकली होती.

त्याला हथिया बंद पाडायचा नव्हता. वाचवायचा होता.

घरी येऊन तिनं पदराखालून आणलेली माळ कोनाड्यातून काढली. पानं मलूल झाली होती, दोऱ्याची गाठ मात्र तशीच टणक. दोन टोकं, एकमेकांवर दोनदोन वेढे देऊन शेजारी शेजारी बसलेली. तिनं नखानं सोडवून पाहिली. सुटेना.

ही गाठ आपण रोज बघतो, असं तिला वाटलं. कुठं, ते आठवेना. कपडे काढायला ती गच्चीवर गेली. वाळत घालायची दोरी मागच्या महिन्यात मधूनच तुटली होती, आणि स्वरदानं ती जोडली होती.

दोरीच्या मध्यावर तीच गाठ होती.

४

स्वरदा शुक्रवारीच सामान घेऊन सुश्रुतबरोबर पुढं गेली होती. ती ठाकुरांच्या घरी बायकांत झोपली, तो शाळेच्या ओसरीत. हे अंबिकेला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट माणूस मोजत नाही, एवढंच.

तिनं जेवणं होऊ दिली. नवरा प्रल्हाद पाठशाळेच्या मुलांचे पाठ घ्यायला बाहेर पडला. मग तिनं माळ लेकीपुढं ठेवली.

"ही गाठ कुणाची?"

"आमची," स्वरदा म्हणाली. "दोन दोर जोडताना घालतात. मंडळातल्या सगळ्यांना येते." मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट बाजूला सारलं. "आई, तू मला विचारतेयस? मला?"

"विचारतेय."

"माझ्याच चढाईच्या खाली मी हनुमानजी बसवीन? दो साल से मर रही हूँ मी त्या लाइनवर!"

"तू कड्यासाठी काय करशील, याचा मला भरवसा नाही, बाई."

"हां, ते आहे," स्वरदानं कबूल केलं. रागावलेली असली तरी ती खरं बोलायची. हा तिचा दोष सासूबाईंकडून आलेला. तिनं माळ उचलली, हुंगली आणि लांब धरली. "शी! ह्याला काय लागलंय? खायचं तेल?"

"शेंदूर आहे तो."

"सिंदूर असा नाही येत वासाला. हनुमानजींचा वास असा नसतोच."

"मग कसा असतो?"

"चमेलीचा! तू कधी संकटमोचनच्या मंदिरात गेली नाहीस का? आणि ही मदारची पानं... मदार तर शंकरजींचा. हनुमानजींना तुळशीची माळ असते. कुणी घातली ही? त्याला काही येतच नाही."

अंबिका पाटावरून उठली नाही. पंचवीस वर्षं ती काशीतल्या मारुतीला चमेलीच्या तेलातला सिंदूर आणि तुळशीची माळ बघत आली होती, आणि शनिवारी हथियाखाली तिळाच्या तेलातला शेंदूर आणि रुईची पानं दिसल्यावर तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट भरून आलं होतं. सगळं अगदी बरोबर होतं म्हणूनच तिला चूक दिसली नव्हती. बरोबर होतं, पण मिरजेच्या हिशेबानं.

म्हणजे ठाकूर नव्हे, जयस्वाल नव्हे. आठल्ये पाच पिढ्या काशीतले. लीलाकाकू आणि कुशल हात जोडतात ते चमेलीपुढं. स्वरदाचं नाक तर समोरच बोललं होतं. तिळाचं तेल आणि रुई ही देशावरून आलेल्या माणसाची खूण. आणि त्याला मंडळातली गाठ येत होती.

मंडळाशी संबंध असलेली, देशावरून आलेली माणसं दोनच होती. एक ती स्वतः. तिला साडीच्या निऱ्यांपलीकडं गाठीतलं काही येत नव्हतं.

दुसऱ्यानं शनिवारी सगळ्यांच्या देखत बूट काढून नमस्कार केला होता, आणि लगेच दोर काढला होता.

५

सुश्रुत पिसाळ बँकेतून सुटल्यावर रामघाटाच्या पायऱ्यांवर बसायचा. अंबिका त्याच्या शेजारी जाऊन बसली. नदीवर अजून ऊन होतं.

"तिळाचं तेल वाईहून येतं का रे?"

"आई पाठवते," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं गुडघ्यांवर कोपरं टेकली. "काकी, कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. आधी तू सांग."

"शुक्रवारी संध्याकाळी मी दोर लावायला जागा बघत होतो. तर ती फुली दिसली. गावातल्या पोरानं सांगितलं, सुरुंगाची आहे. माझं डोकंच फिरलं. पैसे पुरे पडत नाहीयेत, काकी, तुम्हाला माहितीये. आपण गुळपोळ्या विकत बसणार आणि हे बत्ती लावणार. म्हटलं, ज्याला जयस्वाल घाबरतो असा एकच आहे. त्यालाच उभा करू."

"आणि डोळे? ते कुठले?"

"आईनं नवसाचे दिले होते, शेंदूर आणि तेलही, इथल्या मारुतीला वाहायला. सगळं पिशवीतच होतं." तो ओशाळून हसला. "म्हटलं, मारुतीलाच तर वाहतोय."

"पण चढाई बंद होईल हे तुला कळलं नाही? इतका शिकलेला तू!"

"कसं कळणार?" सुश्रुत एकदम वळला. "मी वैराटगडाच्या पायथ्याचा. आमच्याकडं ज्या गडावर जाल तिथं दरवाज्यात मारुती असतो. त्याला हात जोडायचे आणि वर जायचं. त्याच्या डोक्यावर अख्खा गड असतो, काकी! लोक वर राहत होते, घोडे बांधत होते. मारुती खाली राखणीला. तो असला म्हणजे चढायला अडचण, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही. ठाकूर ओरडले तेव्हा मला खरंच समजेना ते कुणाला ओरडतायत."

अंबिकेला शनिवारचा त्याचा कोरा चेहरा आठवला. अपराधी माणूस चेहरा सांभाळतो. ह्याला सांभाळायचंच काही सुचलं नव्हतं.

"मग तिथंच का नाही बोललास?"

"बायका रडत होत्या. ठाकुरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लावलाय म्हटलं असतं तर मला मारलंच असतं. त्याचं काही नाही." त्यानं पायरीवरचा खडा पाण्यात टाकला. "नाही, त्याचंही होतं."

"उद्या सुट्टी टाक."

"ठाकुरांकडं? काकी, फसवलं म्हणतील. वाट तर जाईलच, गावात पाय ठेवू देणार नाहीत. गप्प राहिलो तर निदान दगड तरी राहतो."

"दगड राहतो, आणि वर्षानं कुशलकडं जातो. मुली कुठं जातात?"

"टाकतो सुट्टी," सुश्रुत म्हणाला. खरं सांगितल्यानं सगळं बुडण्याची शक्यता अधिक, हे अंबिका खिडकीत बसून शिकली होती. गाडी रद्द झाली म्हणून सांगितलं की लोक गाडीला शिव्या देत नाहीत.

६

ठाकूर खाटेवर उन्हात बसले होते. सुश्रुतनं उभ्यानंच सगळं सांगितलं. त्याचं हिंदी चांगलं होतं, पण आज ते पुन्हापुन्हा मराठीत घसरत होतं. फुली, शेंदूर, वैराटगड, सगळं. ठाकूर ऐकत राहिले. अंबिकेनं पदर घट्ट धरला होता. दारात ठाकुरांचे दोन गडी येऊन उभे राहिले होते आणि त्यांतल्या एकाच्या हातात लाठी होती.

"नहाकर लगाया था?" ठाकुरांनी विचारलं.

"जी?"

"सिंदूर. नहाकर लगाया, कि ऐसे ही?"

"नहाकर. शाळेच्या... स्कूल के हैंडपंप पर."

"माघ की ठंड में?"

"जी. शनिवार लग गया था. शनिवार को मेरा उपवास रहता है."

ठाकूर मिशांवरून हात फिरवत बसले. मग गड्याला म्हणाले, "लाठी रख, पानी ला." आणि अंबिकेकडं वळले. "देखिए बहनजी, मूर्ति तो हर जगह आदमी ही बैठाता है. अपने आप कौन बैठा है? नहाया था, व्रत था, तो हनुमानजी आ गए. बात ख़तम."

"आणि चढाई?" अंबिकेच्या तोंडून मराठीतच निघालं. ठाकुरांना ते कळलं.

"आपके यहाँ हनुमानजी पहरेदार होंगे. हमारे यहाँ मेहमान हैं. मेहमान के सिर पर से कोई नहीं जाता. दाहिनी तरफ़ कोई नहीं चढ़ेगा, कभी नहीं. बाईं तरफ़ बच्चे चढ़ें, हमें क्या."

"और रास्ता, ठाकुरसाहब?" सुश्रुतनं भीत भीत विचारलं. "पैसा थोड़ा कम है, लेकिन..."

"पैसा?" ठाकूर खाटेवरून उठलेच. "हनुमानजी के दरवाज़े का रास्ता बेचूँगा मैं? मेरे बाप-दादा क्या कहेंगे? रास्ता सबका. उस पैसे से वहाँ हैंडपंप गड़वाओ, लोग हाथ-पैर कहाँ धोएँगे?" मग त्यांनी सुश्रुतच्या छातीवर बोट ठेवलं. "और तुम. बैठाया है तो पूजा कौन करेगा? हर शनिवार आओगे. तबादला होगा तब अपनी जगह आदमी देकर जाओगे."

ज्यानं मंडळाच्या सभेत 'देवधर्म बाजूला ठेवू या' असं तीनदा तरी म्हटलं होतं, त्या सुश्रुतनं मान डोलावली.

काट्या त्याच दिवशी निघाल्या. आठवड्याभरात ठाकूर तहसिलीत जाऊन पट्टी सर्वांसाठी मोकळी करून आले. लीलाकाकूंनी पेढे वाटले. कुशलनं दोन खाल्ले.

स्वरदाला अंबिकेनं सगळं सांगितलं, सुश्रुतचंही, उजव्या अंगाचंही. ती ऐकून गच्चीवर गेली आणि वाळलेले कपडे घेऊन खाली आली. पुढच्या शनिवारी सगळे हथियाला गेले, तेव्हा ती आधी उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. मान मागं टाकून तिनं ती रेषा खालपासून वरपर्यंत पाहिली. बोटांनी हवेतच दोन पकडी धरून पाहिल्या. मग डाव्या अंगाला मुलींकडं गेली.

सुश्रुतची पूजा चालली होती. शेंदूर कोपरापर्यंत गेला होता आणि ठाकूर शेजारी उभे राहून चुका काढत होते. या वेळी चमेलीचं तेल होतं.

पूजा संपली. गर्दी पांगली. सुश्रुत बांधावर एकटाच बसला. डाव्या अंगाकडं जावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. स्वरदा आठवडाभर त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

ती दोर कमरेला बांधून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली आणि दुसरं टोक त्याच्याकडं धरलं.

"हात पुसा आधी," ती म्हणाली. "दोर निसटेल."

त्यानं पँटला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, जरा जास्तच वेळ. दोर कमरेमागून घेतला, पाय रोवले. लेकीचं चढणं अंबिकेला कधी बघवलं नव्हतं. एरवी ती अशा वेळी थर्मास शोधायला लागायची. आज ती बघत राहिली.

स्वरदानं दगडावर हात ठेवला.

"चढू?"

"चढ," सुश्रुत म्हणाला.